दोन दाढ्यांच्या मध्ये वस्तऱ्याचं काय होतं?

१९५९ साली चेकोस्लोव्हाकियात ९१३०४ क्रमांकाचं एक पेटंट दिलं गेलं. ते मिळालं कारेल द्रबाल नावाच्या रेडिओ अभियंत्याला, आणि शोध होता पुठ्ठ्याचा पिरॅमिड. इजिप्तमधल्या खुफूच्या पिरॅमिडच्या प्रमाणात छोटा पिरॅमिड करायचा आणि वापरलेलं दाढीचं पातं त्याच्या पोटात ठेवायचं, म्हणजे धार टिकते, असा दावा होता. अर्ज १९४९चा, म्हणजे पेटंट कचेरीनेही दहा वर्षं डोकं खाजवलं असणार. पुढे पिरॅमिडच्या गूढ शक्तीवर ढिगाने लिहिलं गेलं. ते सोडून देऊ. पण द्रबालच्या डोक्यातला मूळ प्रश्न अगदी रास्त होता. पातं नुसतं पडून असतं तेव्हाही धारेचं काहीतरी होत असतं.

वापरून फेकायच्या ब्लेडमुळे हा प्रश्न आपण विसरलो. १९०३ साली जिलेटचा सेफ्टी रेझर अमेरिकेत विक्रीला आला त्याआधी दाढी म्हणजे बहुधा वस्तरा, आणि एक वस्तरा माणसाला जन्मभर पुरायचा. तो पुरायचा कारण त्याला धार लावायच्या दगडावर क्वचितच जावं लागे. रोजचं काम होतं ते पुसण्याचं आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासण्याचं. पट्ट्यावर घासलं की नेमकं काय होतं, हे मात्र शेकडो वर्षं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

आधी मापं. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. दाढीचा केस साधारण शंभर मायक्रॉन जाड असतो. नीट लावलेल्या धारेचं टोक अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीत अशी दोनशे टोकं शेजारी शेजारी मावतील. एवढी बारीक कड रोज त्याच कोनात धरणं कुणाच्या हाताला जमणार नाही. वस्तऱ्यात ही अडचण त्याच्या घडणीनेच सोडवली आहे. त्याची पाठ जाड ठेवलेली असते आणि दगडावर किंवा पट्ट्यावर पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकवायच्या असतात. पाठ पाच मिलिमीटर जाड आणि पातं सोळा मिलिमीटर रुंद असेल तर धारेचा कोन आपोआप अठरा अंशांच्या जवळपास येतो. दगडावर पाठही झिजत जाते, त्यामुळे पातं वर्षानुवर्षं अरुंद होत गेलं तरी कोन फारसा बदलत नाही. ज्याने कुणी हे पहिल्यांदा योजलं त्याला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

आता कोडं. वस्तऱ्याचं पोलाद केसाच्या पन्नासेक पट कठीण असतं. मग केस कापून धार जाते कशी? वर्षानुवर्षं दिलं जाणारं उत्तर असं, की घासून घासून टोक गोलसर होतं. २०२०च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या जानलुका रोशोली, सय्यदा मोहदेसे ताहेरी-मुसवी आणि जेम तासान यांनी या उत्तराला धक्का दिला. रोशोलीने साध्या, बाजारात मिळणाऱ्या रेझरने स्वतःची दाढी केली आणि प्रत्येक वेळी पातं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. टोक गोल झालेलं फारसं दिसेना. दिसले ते टवके. कडेचे बारीक तुकडे उडून खाचा पडलेल्या होत्या, आणि त्याही सगळीकडे नाहीत, काही ठरावीक जागीच.

मग या मंडळींनी सूक्ष्मदर्शकाच्या आतच केस कापणारं एक चिमुकलं यंत्र बसवलं. केस पात्याला काटकोनात आणि ताठ असला की पात्याला काही होत नाही. केस वाकला, म्हणजे पातं आत शिरत असताना बाजूला झुकला, की मात्र टवका उडू शकतो. त्याला आणखी दोन गोष्टींची साथ लागते. एक म्हणजे पोलादाची आतली रचना सगळीकडे सारखी नसणं. वरून कितीही चकचकीत दिसो, आत कठीण आणि त्यामानाने मऊ भाग शेजारी शेजारी असतात. दुसरी म्हणजे केस नेमका अशा कच्च्या जागेच्या बाजूला येणं. तिन्ही जुळून आल्या की सगळा ताण एका बिंदूवर गोळा होतो आणि पन्नास पट मऊ केस पोलादाचा कण उडवतो. एकदा खाच पडली की पुढच्या केसाला तिथेच मोडायला सोपं जातं.

प्रयोगातली पाती आधुनिक स्टेनलेस पोलादाची होती. जुना वस्तरा असतो सुमारे एक टक्का कार्बन असलेल्या साध्या पोलादाचा. पण तापवून पटकन थंड केलेल्या दोन्ही पोलादांची कठीण, ठिसूळ जात एकच. त्यामुळे न्हावी गाल बोटाने ताणून का धरतो, याला मला इथे आणखी एक कारण दिसतं. कातडी कापू नये हे झालंच, पण ताणलेल्या गालावर केस उभा राहतो, झुकायला त्याला जागा उरत नाही.

टवके उडतात तशीच कड वाकतेही. अर्ध्या मायक्रॉनचं टोक इकडेतिकडे कलंडायला फार जोर लागत नाही. पट्ट्याचं काम इथे सुरू होतं. वाकलेली, लोंबती कड चामड्यावर ओढली की सरळ होते, आणि जी फारच कमकुवत झालेली असते ती दोन्ही बाजूंनी घासली गेल्यावर, तार मागेपुढे वाकवून तोडावी तशी, गळून पडते. चामड्यात पोलाद कापण्याइतकं कठीण असं फार काही नसतं. म्हणूनच पट्ट्यावर रोज घासूनही पातं झिजून संपत नाही. उलट, उडालेला टवका भरून काढणं पट्ट्याच्या हातात नाही. तिथे धातूच उरलेला नाही, सरळ काय करणार? खाचेच्या तळापर्यंत सगळी कड खाली आणायची तर दगडच हवा. वाकलेल्या धारेला चामडं आणि तुटलेल्या धारेला दगड, एवढं डोक्यात ठेवलं तर वस्तरा बाळगणाऱ्यांचे निम्मे वाद मिटतील.

घासायची रीत बघण्यासारखी असते. पट्ट्याचं एक टोक खुंटीला अडकवायचं आणि दुसरं हातात ताणून धरायचं. ढिला पडला की चामडं धारेभोवती वळतं आणि टोक गोल करून टाकतं. वस्तरा पाठ आणि धार दोन्ही टेकवून आडवा ठेवायचा आणि पाठ पुढे, धार मागे अशा दिशेने ओढायचा. दगडावर बरोब्बर उलटं, तिथे धार पुढे. पट्ट्याच्या टोकाशी पोचल्यावर वस्तरा उलटा करताना तो पाठीवर लोळवायचा, पाठ चामड्यावरून उचलायचीच नाही. नवशिका इथे धारेवर लोळवतो आणि पट्ट्यात चंद्रकोरीसारखी चीर पाडतो. जोर लावायचा नाही, पात्याचं स्वतःचं वजन पुरतं. पट्ट्याला बहुधा दोन बाजू असतात, एक जाड सुती किंवा तागाच्या कापडाची आणि एक चामड्याची. आधी कापड, मग चामडं. कापडावर साबणाचा थर, ओल आणि कोवळा गंज निघतो. चामड्यावर पन्नासेक फेऱ्या झाल्या की बस. जुने न्हावी पट्टा हाताशी नसला तर तळहातावरही वस्तरा फिरवत. आपली कातडी हीही शेवटी कातडीच.

पट्ट्यावर हिरवी पेस्ट लावली की खेळ बदलतो. ती क्रोमियम ऑक्साइडची असते, कण अर्ध्या मायक्रॉनच्या घरातले आणि पोलादापेक्षा बरेच कठीण. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोवन यांनी २००४ साली धार लावलेल्या पात्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो काढून दाखवलं, की क्रोमियम ऑक्साइड लावलेल्या चामड्यावर दगडाचे ओरखडे पुसट होतात आणि कडेला लोंबणारा धातूचा काठ कमी होतो. म्हणजे ही पेस्ट खरोखर धातू काढते. मग रोज का नाही लावायची? चामडं थोडं तरी दबतंच, त्यामुळे दर वेळी टोकाजवळचा कोन किंचित बोजड होत जातो. अधूनमधून ठीक. रोज लावणाऱ्याचा वस्तरा काही महिन्यांत चकचकीत आणि बोथट असा दोन्ही होतो.

आता पडून राहिलेल्या पात्याकडे येऊ. साध्या पोलादाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढणारच. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग चांगलाच वाढतो, आणि घामातलं मीठ मदतीला असेल तर त्याच्याही खाली. पावसाळ्यात मुंबई-कोकणात आर्द्रता दिवसचे दिवस ८०च्या वर असते. विळीच्या पात्यावर पाव मायक्रॉन गंज चढला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वस्तऱ्याच्या टोकावर तेवढाच गंज दोन्ही बाजूंनी चढला तर टोक शिल्लकच राहत नाही. डोळ्यांना पातं स्वच्छ दिसतं, तांबूस ठिपका कुठेच नाही, आणि सकाळी दाढी मात्र ओढते. लोक पट्ट्याला किंवा दगडाला दोष देतात, पण चोर बहुतेक वेळा न्हाणीघरातली ओल असते.

द्रबालचा पिरॅमिड कशामुळे चालल्यासारखा वाटला असेल, याचा माझा अंदाज इथेच येतो. पातं ओल्या कपाटातून काढून कोरड्या जागी पुठ्ठ्याच्या आडोशाला ठेवलं तर ते जास्त टिकणारच. पुठ्ठ्याचा आकार कोणताही चालला असता. इंग्लंडमधल्या शेफील्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर सात वारांचे सात वस्तरे एका पेटीत घालून विकत, पाठीवर वाराचं नाव कोरलेलं. वस्तऱ्याला विश्रांती दिली की धार परत येते, अशी तेव्हा समजूत होती. पोलाद विश्रांती घेत नाही. पेटीचा फायदा एवढाच, की प्रत्येक वस्तऱ्याच्या वाट्याला सातव्या भागाचं काम येतं आणि वाळायला भरपूर वेळ मिळतो.

म्हणून दाढी झाली की वस्तरा धुऊन मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसावा, पट्ट्याच्या कापडी बाजूवर दहाबारा फेऱ्या माराव्यात आणि तो मिटून न ठेवता थोडा वेळ उघडा राहू द्यावा. मुठीच्या फटीत साचलेलं पाणी फार वाईट. पावसाळ्यात किंवा बरेच दिवस वापरायचा नसेल तर शिवणयंत्राच्या तेलाचं पुसट बोट. चामड्याच्या म्यानात किंवा न्हाणीघरात तो ठेवू नये, दोन्ही ओल धरून ठेवतात.

धार वाचवायची दुसरी जागा म्हणजे खुद्द दाढी. केस ज्याचा बनलेला असतो ते केरॅटिन नावाचं प्रथिन आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पिऊ शकतं. पाणी आत शिरलं की केरॅटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सुटतात आणि केस कापायला खूपच कमी जोर लागतो. दोन-तीन मिनिटं कोमट पाणी, मग फेस. बिनपाण्याने केली तर गालाचे हाल होतातच, पण वस्तऱ्याचेही तितकेच होतात.

आपल्याकडच्या सलूनमधून हा सगळा प्रकार जवळजवळ गेला आहे. आता तिथे ज्याला वस्तरा म्हणतात त्यात ब्लेड मधोमध मोडून अर्धं बसवतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नवं घेतात. ते योग्यच आहे. कावीळ ब आणि क, तसंच एचआयव्ही रक्तातून पसरतात. पोलाद उकळता येईल, चामड्याचा पट्टा उकळून निर्जंतुक करता येत नाही. एकाच पट्ट्यावर दहा जणांच्या दाढीचा वस्तरा फिरवणं कुणालाच परवडणारं नाही. पट्टा आता उरला आहे तो घरात स्वतःपुरता वस्तरा वापरणाऱ्या हौशी माणसाकडे.

त्याला दगडाची वेळ कधी आली हे कसं कळावं? अंगठ्याच्या नखावर धार ओढून बघण्याची जुनी खोड सोडावी, त्यानेच कड मोडते. डोक्याचा एक धुतलेला, कोरडा केस मुळाकडून चिमटीत धरायचा आणि मोकळं टोक हळूच धारेवर टेकवायचं. न ओढता केस तुटून पडला तर धार जागेवर आहे. पात्याच्या सगळ्या लांबीवर, टाचेपासून टोकापर्यंत, हे करून बघावं. तीनच ठिकाणी तुटला आणि मध्येच एका जागी नुसता वाकला, तर तिथे खाच आहे. पट्ट्यावर आणखी शंभर फेऱ्या मारून उपयोग नाही, दगड भिजत घाला.