आजींचा प्रश्न आणि शटलचं बूच

थंडी पडली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये बॅडमिंटनचं जाळं बांधलं जातं. कोथरूडला आमच्याकडेही बांधलं. दुसऱ्याच आठवड्यात डबल्समध्ये पुढे उभ्या असलेल्या मुलाने मागे वळून पाहिलं आणि जोडीदाराचा स्मॅश थेट त्याच्या डोळ्यात बसला. डोळा वाचला, पण बुबुळाच्या पुढच्या पाण्यात रक्त उतरलं. बरेच दिवस उशी उंच घेऊन झोपावं लागलं, खेळणं बंद. त्याची आजी मला म्हणाली, "अहो, डोळ्याभोवती एवढं हाड दिलंय देवाने, मग ते फूल आत गेलंच कसं?"

प्रश्न अगदी नेमका होता. माझी भाची मेडिकलच्या पहिल्या वर्षाला आहे, तिच्याकडून अभ्यासाची कवटी मागून आणली. आजींनी ती घरात आणू दिली नाही, म्हणून जिन्यातच बसलो.

डोळ्याची खोबण म्हणजे मागे निमुळता होत जाणारा, साधारण ४ ते साडेचार सेंटीमीटर खोल कोनाडा. तो एका हाडाचा नसतो. कपाळाचं, गालाचं, वरच्या जबड्याचं, टाळूचं, नाकामागचं चाळणीसारखं, नखाएवढं अश्रूंच्या वाटेवरचं आणि पंख पसरलेल्या वटवाघळासारखं एक, अशी ७ हाडं एकमेकांना सांधून तो झालेला असतो. समोरची कड जाड आणि दणकट. तोंडाशी खोबण सुमारे ४ सेंटीमीटर रुंद आणि साडेतीन सेंटीमीटर उंच असते. क्रिकेटचा चेंडू सात सेंटीमीटरच्या वर, त्यामुळे त्याचा बराचसा मार भुवईचं आणि गालाचं हाड झेलतं. शटलचं बूच मात्र नियमानुसारच २५ ते २८ मिलीमीटर व्यासाचं, आणि नेत्रगोल सुमारे २४ मिलीमीटरचा. आजींनी शटल हातात घेऊन बूच खोबणीला लावून पाहिलं. ते कडेला कुठेही न टेकता आत गेलं.

त्यात वेग. २०२३ साली आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीने मारलेल्या स्मॅशचा वेग ताशी ५६५ किलोमीटर नोंदला गेला. पिसांमुळे शटल झपाट्याने मंदावतं हे खरं, पण जोडीदार दोन-तीन मीटरवर असला तर मंदावायला अंतरच उरत नाही. आणि हा खेळ आपल्याच गावचा म्हणावा असा आहे. १८७०च्या दशकात इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी तो खेळत, आणि तेव्हा त्याला 'पूना' असंही म्हणत.

आता कवटीतली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट. जिन्यातला दिवा मालवून मी खोबणीत टॉर्च धरला, तर नाकाकडच्या भिंतीतून उजेड पलीकडे झिरपला. ही भिंत मिलीमीटरच्या निम्म्याहूनही पातळ असते. तिच्या लॅटिन नावातही कागद आहे. खोबणीची जमीनही तशीच नाजूक, आणि तिच्याखाली जबड्याच्या हाडातली हवेची पोकळी, म्हणजे सायनस. बुक्की बसली की आतला दाब एकदम वाढतो आणि कड शाबूत राहून ही जमीन खाली फुटते. डोळ्याभोवतीची चरबी सायनसमध्ये उतरते, डोळा खोल गेल्यासारखा दिसतो, एकाची दोन दिसतात, गाल आणि वरचा ओठ बधिर होतो, कारण तिथली नस याच जमिनीतून जाते. अशा माणसाने नाक अजिबात शिंकरू नये. सायनसमधली हवा खोबणीत शिरून पापण्या टम्म फुगतात.

मुलांच्या बाबतीत मला फार काळजी वाटते. त्यांचं हाड लवचिक. ते फटीसारखं उघडतं आणि लगेच परत मिटतं, आणि डोळा हलवणारा खालचा स्नायू त्या फटीत अडकतो. बाहेरून डोळा पांढरा स्वच्छ, सूज नावाला. पण मूल वर पाहायला गेलं की कळवळतं, त्याला उलट्या होतात, नाडी मंद पडते. ओढलेल्या स्नायूचा संदेश मेंदूतून थेट हृदयाच्या नसेपर्यंत पोहोचतो, म्हणून असं होतं. घरच्यांना वाटतं डोक्याला मार लागला, आणि डोळ्याकडे कुणी पाहतच नाही. अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून इथे वाट पाहायला वेळ नसतो. मार लागल्यावर मुलाला वर, खाली, दोन्ही बाजूंना बघायला सांगा. एक डोळा मागे राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

खोबणीचा बहुतेक भाग चरबीने भरलेला असतो. डोळा तिच्यात तरंगल्यासारखा बसतो. त्याला हलवणारे ६ स्नायू. त्यांतला एक तर नाकाजवळच्या कूर्चेच्या कप्पीवरून, विहिरीवरच्या रहाटाच्या दोरासारखा वळून डोळ्याकडे येतो. मागून निघणारी दृष्टीची नस लागते त्यापेक्षा जास्त लांब, थोडी सैल असते, म्हणून डोळा गरागरा फिरला तरी तिला ताण बसत नाही. पण ती काही दोरीसारखी बाहेर ओढता येत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळा बाहेर काढून धुऊन परत बसवतात, असं अजूनही सांगितलं जातं. तसं कधीच होत नाही. डोळा जागेवरच असतो आणि चिरा बहुधा तीनेक मिलीमीटरचा असतो.

आजींना मी आणखी एक दाखवलं. खोबणीची बाहेरची, कानाकडची कड बाकी कडांपेक्षा मागे आहे. त्यामुळेच मान न वळवता आपल्याला बाजूचं एवढं दिसतं, आणि त्यामुळेच डोळा त्या बाजूने उघडा पडतो. मागे वळून पाहणाऱ्या खेळाडूची तीच बाजू आधी समोर येते. नेहमीचा चष्मा इथे कामाचा नाही, त्याची काच फुटून आत जाऊ शकते. पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनीही झाकणारा खेळाचा गॉगल लागतो.

मुलाचं रक्त आता पूर्ण शोषलं गेलं आहे, नजरही नीट आहे. पण अशा माराने डोळ्यातलं पाणी निचरा होण्याची जागा फाटलेली असू शकते, आणि डोळ्याचा दाब कधीकधी कित्येक वर्षांनी वाढतो. काचबिंदू तेव्हा सुरू होतो, दुखत-खुपत काही नसताना. म्हणून दरवर्षी दाब मोजून घ्यायला डॉक्टरांनी सांगितलं आहे. ती तारीख आजींनी कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे.