वुड चिपर टोइंग करताना होणारे अपघात

वुड चिपर म्हणजे झाडाच्या फांद्यांचे बारीक तुकडे करणारं मशीन. एका साइटवरून दुसरीकडे न्यायला सोपं पडावं म्हणून ते बहुतेक वेळा चाकांवरच बसवलेलं असतं आणि ट्रक नाहीतर पिकअपच्या मागे जोडून ओढत नेतात. या ने-आणीत, म्हणजे जोडताना, रस्त्यावर चालताना आणि सोडताना जे अपघात होतात त्यांची ही नोंद. फिरत्या ब्लेडला सगळेच घाबरतात, पण इंजिन बंद झालं की हेच मशीन निरुपद्रवी वाटायला लागतं आणि खरी चूक तिथेच होते, कारण छोटा चिपर ७०० किलोच्या आसपास असतो आणि मोठे ४ टनांच्याही पुढे जातात.

सगळ्यात भयंकर अपघात म्हणजे चालत्या गाडीपासून चिपर सुटणं. सुटलेला चिपर समोरून येणाऱ्या गाड्यांच्या लेनमध्ये घुसू शकतो, आणि त्या गाडीतल्या माणसांची यात काहीच चूक नसते. कारण बघायला गेलं तर बऱ्याचदा अगदी साधं निघतं. हिचचा, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीचा, बॉल (गोळा) ४७.६ मिमीचा आणि त्यावर बसणारा चिपरचा कपलर ५०.८ मिमीच्या बॉलसाठीचा, फरक जेमतेम ३ मिमी, लॉक बसल्यासारखं वाटतं, सपाट रस्त्यावर चालतंही आणि मग एका खड्ड्यात कपलर उचकटून वर येतो. हुक आणि रिंगवाल्या जोडणीत लॉकची पिन घालायचीच राहून जाते. म्हणून कपलर लॉक केल्यावर जॅकने चिपरचा दांडा (ज्याच्या टोकाला कपलर असतो) थोडा वर उचलून बघावा, गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तरच बॉल नीट पकडलाय असं समजायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण दिवसभर फांद्या ओढून दमलेला माणूस नेमकं हेच टाळतो.

सेफ्टी चेन दांड्याखालून एकमेकींना क्रॉस करून लावतात, म्हणजे कपलर निसटला तरी दांडा रस्त्यावर न आपटता चेनच्या झोळीत पडतो. चेन जमिनीवर घासेल इतकी सैल नको आणि वळताना ताणली जाईल इतकी आखूडही नको. ब्रेकअवे केबल ही वेगळी गोष्ट आहे, चिपर सुटलाच तर ती ओढली जाऊन त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर त्याची छोटी बॅटरी चार्ज हवी, नाहीतर केबल असून नसल्यासारखी. युरोपात ७५० किलोपर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसले तरी चालतात, म्हणून तिकडे बरेच चिपर मुद्दाम या वजनाच्या आत बसवलेले असतात.

साध्या ट्रेलरपेक्षा चिपरचं दुखणं वेगळं आहे, ते म्हणजे थरथर. तासन्तास चालल्यावर चाकांचे नट, हिचचे बोल्ट, लाइटचे कनेक्टर सगळं हळूहळू ढिलं होतं, आणि मग चाक निखळणं किंवा ब्रेक लाइट न लागल्यामुळे मागच्याने येऊन ठोकणं हे प्रकार होतात. नवीन चाक बसवलं असेल तर पहिल्या ८० ते १६० किमीत नट परत टाइट करायलाच हवेत. निघण्याआधी फीड टेबल, म्हणजे फांद्या आत सरकवायचा फळा, दुमडून लॉक करावं, चुरा फेकणारा पाइप म्हणजे शूट वळवून पिन लावावी, नाहीतर ते वाटेत फिरून बाजूच्या गाडीला लागतं. टेबलावर राहिलेल्या फांद्याही काढाव्यात, मागच्या बाइकवाल्यासाठी उडून आलेली एक फांदी पुरेशी आहे.

रिव्हर्स घेताना छोटा चिपर पटकन गाडीला आडवा वळतो आणि मोठ्या बॉडीच्या ट्रकमागे आरशात दिसतही नाही, म्हणून सांगणारा माणूस लागतो. पण त्याने ट्रक आणि चिपरच्या मधे कधीही उभं राहू नये, बॉल कपलरखाली आणताना तिथेच माणसं चिरडली जातात. चिपर सोडताना, आणि उतारावर तर नक्कीच, आधी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे आणि मगच लॉक उघडायचं. लॉक आधी उघडलं तर दांडा हातातून सुटतो आणि तेवढं वजन गडगडायला लागल्यावर दोन-तीन माणसांनी धरूनही थांबत नाही, अशा वेळी बाजूला होऊन ओरडून लोकांना हटवायचं, पकडायला धावायचं नाही.