आधी हवा, मग मार्कर

चोपड्याजवळ केळीच्या बागेला लागून माझ्या भाच्याची थोडी पडीक जमीन आहे. जानेवारीत त्याने मित्रांना घेऊन तिथे जुने टायर रचले, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे आडोसे बांधले आणि कुणाकडून तरी एक वापरलेला पेंटबॉल मार्कर आणला. पेंटबॉल म्हणजे एकमेकांवर रंग भरलेल्या गोळ्या उडवायचा खेळ, आणि मार्कर म्हणजे वायूच्या दाबाने त्या गोळ्या उडवणारं यंत्र. सकाळच्या थंडीत गोळीचा वेग मोजला तर सेकंदाला २६० फुटांच्या आसपास भरला. मे महिन्यात दुपारी चारला तोच मार्कर, वेग ठरवणाऱ्या स्क्रूला हातही न लावता, ३०० च्या वर गेला. ३०० ही या खेळातली सुरक्षिततेची सर्वमान्य मर्यादा आहे. पोरांनी खेळ तिथेच थांबवला, हे फार बरं केलं. "मामा, याले काय व्हयनं?" म्हणत भाचा मार्कर घेऊन माझ्याकडे आला.

मार्करला काहीच झालेलं नव्हतं. फरक पडला होता तो त्याला जोडलेल्या वायूच्या बाटलीत.

त्याच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड होता. तो द्रवरूपात भरतात. द्रवावर साठणाऱ्या वायूचा दाब बाटली किती रिकामी झाली यावर ठरत नाही, तो ठरतो तापमानावर. १० अंश सेल्सिअसला हा दाब साधारण ४५ बार असतो (एक बार म्हणजे जवळजवळ आपल्या भोवतालच्या हवेचा दाब), २१ अंशांना ५८ च्या पुढे. ३१ अंशांच्या वर मात्र चित्रच पालटतं. तिथे या पदार्थाचा क्रांतिक बिंदू आहे. त्यानंतर द्रव आणि वायू असा भेद उरत नाही आणि पूर्ण भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. ४४ अंशांना तो २१ अंशांच्या दुपटीच्या घरात पोचतो. खानदेशात मे महिन्यात ४४ अंशांचं कुणाला नवल नाही, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा त्याच्याही वर जातो. अशा वेळी बाटलीच्या तोंडाशी बसवलेली धातूची पातळ चकती फाटते आणि वायू बाहेर पडतो. बाटली फुटू नये म्हणूनच ती चकती असते. तिच्या जागी भलतं काही ठोकून बसवू नका.

याची उलटी बाजू लग्नाच्या मांडवात दिसते. मोठ्या शेगडीचा सिलिंडर बाहेरून घामेजतो, गार पडतो, ज्योत मंदावते, मग आचारी सिलिंडर कोमट पाण्याच्या टपात ठेवतो. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते आणि ती बाटलीतूनच खेचली जाते. मार्करमधूनही भराभर गोळ्या सोडल्या की बाटली गार पडते, दाब घसरतो आणि दहावी-बारावी गोळी वाटेतच मान टाकते.

म्हणून पैसे मोजके असतील तर आधी हवा ठरवा, मार्कर नंतर. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या भागात दाबलेल्या साध्या हवेची बाटली घ्यावी. ती थोडी महाग पडते. पण तिच्यात द्रव नसतो, आणि तोंडाशीच रेग्युलेटर असतो. आत २०० बार असोत की ८०, मार्करकडे जाणारा दाब साधारण ५५ ते ६० बारवर टिकतो. उन्हाने आतला दाब वाढतो, पण थोडाच, आणि तो रेग्युलेटर सांभाळून घेतो.

अडचण आहे ती भरण्याची. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर दहा-बारा बारच्या पुढे जात नाही. लहान ॲल्युमिनियमची बाटली भरायला २०७ बार लागतात, म्हणजे सीएनजी रिक्षाच्या टाकीत असतो तेवढा दाब. त्यासाठी पाणबुड्यांच्या किंवा अग्निशामकांच्या श्वसनाच्या टाक्या भरणारा कॉम्प्रेसर हवा. असा कॉम्प्रेसर आपल्या टप्प्यात कुणाकडे आहे, हे मार्कर बघण्याआधी शोधून ठेवा. आणि भरण्याच्या तोटीला तेलाचा थेंबही लावू नका. दाबाखाली हवा एकाएकी आत शिरली की तापते आणि तिथलं तेल पेट घेऊ शकतं. डिझेल इंजिन चालतं ते याच तत्त्वावर.

आता मार्कर. लोक त्याला बंदूक म्हणतात; मी म्हणत नाही. हे यंत्र जन्मालाच आलं ते खुणा करायला: अमेरिकेत जंगलातल्या झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाचा ठिपका उमटवण्यासाठी. त्यावरून खेळ निघाला तो १९८१ च्या जूनमध्ये, न्यू हॅम्पशायरच्या जंगलात, बारा खेळाडूंचा.

स्वस्तातल्या मार्करमध्ये बहुतेक यांत्रिक ब्लोबॅक पद्धत असते. भाच्याचा मार्कर आम्ही ओट्यावर जुनं धोतर अंथरून उघडला. आत जाड स्प्रिंग, तिच्या पुढे अंगठ्याएवढा हॅमर, त्याच्या समोर व्हॉल्व्हची पिन. घोडा ओढला की अडकण सुटते, स्प्रिंग हॅमरला पुढे ढकलते, हॅमर पिनवर आदळतो आणि क्षणभर व्हॉल्व्ह उघडतो. वायूचा एक भाग गोळीला पुढे लोटतो, दुसरा हॅमरला मागे ढकलून पुन्हा अडकवून ठेवतो. वेग कमीजास्त करायचा स्क्रू म्हणजे याच स्प्रिंगचा ताण. एवढंच. सायकलचा पंप खोलणाऱ्या माणसाला हे समजतं, आणि बिघाड झालाच तर बहुतेक वेळा झिजलेली ओ-रिंग, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, निघते. बॅटरीवर चालणारे मार्कर कमी दाबावर, हळुवार चालतात, पण त्यांचं सर्किट बिघडलं की खेळ आठवडाभर बंद. पहिल्या खरेदीला यांत्रिकच बरा. टिपमन ९८ या मार्करची ख्याती याच साधेपणामुळे आहे. दर गोळीला हाताने ओढायचा पंप मार्करही वाईट नाही. त्यात गोळ्या मोजून वापरायची सवय लागते, आणि गोळ्यांचा खर्च मार्करसारखा एकदा होऊन संपत नाही.

लांब नळीवर मात्र पैसे घालू नका. नेहमीची गोळी १७.३ मिलिमीटर जाड, वजन ३ ग्रॅमच्या आसपास. सेकंदाला ८५ मीटर, म्हणजे ताशी तीनशेहून जास्त किलोमीटर वेगाने ती निघाली की तिच्यावर हवेचा अवरोध किती, ते मी कागदावर मांडून पाहिलं. तिच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे पंधरा पट! ३३ मीटर जाईपर्यंत वेग निम्मा होतो, म्हणजे ऊर्जा पाव उरते. नळी हातभर लांब केली तरी बाहेरची हवा तीच. वेग तर नियमानेच बांधलेला आहे. मग पल्ला वाढणार कुठून? शिवाय वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे नळी गोळीला घासण्यापलीकडे फारसं काही करत नाही.

गोळी कुठे जाईल हे जास्त करून गोळीच ठरवते. तिचं कवच जिलेटिनचं, औषधाच्या कॅप्सूलसारखं. आत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि पाण्याने धुतला जाणारा रंग. जिलेटिन ओलावा पितं. मृगाचा पाऊस पडला की आठवडाभरात गोळ्या फुगून मऊ होतात, नळीत अडकतात. कोरड्या थंडीत त्याच ठिसूळ होतात. वीस सेंटिमीटरमध्ये शून्यावरून ८५ मीटरच्या वेगाला जाताना त्या कवचावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,८०० पट ताण येतो. दबलेली, गोलाई गेलेली गोळी तिथेच फुटते किंवा हवेत भरकटते. घेताना पाचसहा गोळ्या काचेवर घरंगळवून बघा. डुगडुगली ती टाकून द्या. साठवायच्या त्या हवाबंद डब्यात, घरातल्या गार कोपऱ्यात. पत्र्याच्या शेडमध्ये कधीच नाही.

लहान पोरं खेळणार असतील तर १२.७ मिलिमीटरची गोळी घ्या. तिची ऊर्जा त्याच वेगाला मोठीच्या निम्म्याहूनही कमी असते, म्हणून लागतं कमी. हलकी असल्याने ती लवकर मंदावते आणि लांबवर गेली की पुष्कळदा फुटत नाही, एवढं सोसावं.

या सगळ्याच्या आधी मात्र मास्क. क्रिकेटचा चेंडू डोळ्यावर आला तर त्याचा बराच मार भुवईचं आणि गालाचं हाड झेलतं, कारण चेंडू खोबणीपेक्षा मोठा असतो. पेंटबॉल त्या खोबणीत सहज शिरतो आणि सगळी ऊर्जा डोळ्यावर रिती करतो. म्हणून पेंटबॉलसाठीच बनवलेला, एएसटीएम एफ १७७६ असा अमेरिकी मानकाचा ठसा असलेला, कान-तोंड झाकणारा मास्क हवा. मोटारसायकलचा किंवा वेल्डिंगचा चष्मा चालणार नाही. चार मास्कांचेच पैसे असतील तर चौघांनीच मैदानात उतरावं, बाकीच्यांनी लांब थांबावं. खेळ नसेल तेव्हा नळीच्या तोंडावर कापडी टोपण, आणि रोज खेळाआधी वेगमापकावर वेग. भाच्याच्या वहीत आता तारखेपुढे वेग आणि तापमान दोन्ही लिहिलेलं असतं.

जुना मार्कर घ्यायला गेलात तर बाटली लावून दोन मिनिटं शांत बसा आणि कान द्या. सूंऽ असा बारीक आवाज आला तर ओ-रिंग गेलेली. नळी डोळ्यांसमोर धरायची ती बाटली आणि गोळ्या काढून ठेवल्यावरच. असा मार्कर बाळगण्याबद्दल पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या आणि विकणाऱ्याकडून पावती मागा. शेवटी बाटलीचा गळा बघा. तिथे दाबचाचणीची तारीख ठोकलेली असते. ती पाच वर्षांहून जुनी असेल, किंवा घासून पुसट केलेली दिसली, तर किंमत कितीही पाडून मिळाली तरी ती बाटली घरी आणू नका.