संगणकाची निगा, घरगुती (इंदूर)

घरातल्या संगणकाचा वेग टिकावा म्हणून त्याच्या आतली धूळ काढणे, हवा खेळती ठेवणे, डिस्कवर मोकळी जागा राखणे आणि नको असलेले प्रोग्रॅम हटवणे, या सगळ्याला मिळून संगणकाची निगा म्हणतात. बोलण्यात ‘सर्व्हिसिंग’ किंवा नुसते ‘सिस्टीम साफ करणे’. यंत्र हँग होऊ लागले की घरोघर पहिले निदान ‘व्हायरस आला’ असे होते आणि उपाय म्हणून फॉरमॅट मारला जातो, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकले जाते. दोष मात्र पुष्कळदा धुळीचा आणि उष्णतेचा असतो, आणि फॉरमॅट मारून धूळ जात नाही.

इंदूरला ही गोष्ट विशेष लागू पडते. माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेल्या या शहराभोवतीची काळी माती उन्हाळ्यात भुगा होऊन उडते. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरने २०१७ ते २०२३ सलग सात वेळा पहिला क्रमांक मिळवला (शेवटच्या वेळी सुरतेसोबत), पण रस्ता झाडलेला असला तरी कॅबिनेटचा पंखा खोलीतली हवा धुळीसकट ओढतोच. त्यात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. राजवाड्याच्या परिसरात यंत्रांनी उंच उडवलेला गुलाल आसपासच्या घरांत खिडक्या लावूनही शिरतो, आणि अशा घरातले कॅबिनेट उघडले तर पंख्याच्या पात्यांवर गुलाबी थर दिसतो. देवघर आणि संगणक एकाच खोलीत असतील तर उदबत्तीचा धूर व तुपाच्या निरांजनाची काजळी यांनी हीच धूळ चिकट होते. ती फुंकून निघत नाही.

धूळ वेग का कमी करते, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रोसेसरवर, म्हणजे सगळी आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपवर, धातूच्या पातळ पट्ट्यांचा हीटसिंक आणि त्यावर पंखा असतो. पट्ट्यांमधल्या फटी बुजल्या की उष्णता बाहेर पडत नाही. तापमान ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या घरात गेले की बहुतेक प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच आपली गती उतरवतात, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पडते. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असताना ही वेळ लवकर येते. कॅबिनेटवर घातलेला प्लॅस्टिकचा किंवा क्रोशाचा रुमाल यंत्र चालू करताना काढायचा असतो. तो तसाच ठेवून वर पंख्याच्या आवाजाची तक्रार करणारी घरे कमी नाहीत.

साफ करताना स्विच बंद करून पिन काढावी, मग पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेला विद्युतभार निघून जातो. कॅबिनेट गच्चीत किंवा अंगणात नेऊन ब्लोअरने वारा मारावा. वारा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर ते भरधाव फिरून बेअरिंग बिघडते. चिकट थराला मऊ ब्रश लागतो. ओले फडके आत नको. काही वर्षांनी प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधली, उष्णता पुढे पोचवणारी थर्मल पेस्ट वाळते. ती पुसून मसुराच्या दाण्याएवढी नवी लावतात. स्क्रीन काळी राहून नुसती बीप वाजत असेल तर रॅमची (तात्पुरत्या स्मृतीची) पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसायचा रिवाज आहे. उपाय खरा आहे. जोरात घासले तर मुलामा जातो एवढेच.

वेळ कोणती धरावी? दिवाळीची झाडपूस सोयीची वाटते, पण माळे झटकण्याआधी संगणक साफ केला तर माळ्यावरची सगळी धूळ त्यातच जाते. तो सर्वांत शेवटी घ्यावा. दुसरी वेळ रंगपंचमी ते गुढीपाडवा: गुलाल बसलेला असतो, कडक ऊन अजून यायचे असते.

जुन्या वाड्यांतल्या वायरिंगला अर्थिंग नसते. तिथे कॅबिनेटच्या धातूला हात लागला की मुंग्या येतात. त्याला आतली सफाई उपयोगाची नाही, अर्थिंग जोडलेला तीन पिनांचा नीट सॉकेट बसवून घ्यावा लागतो.

सॉफ्टवेअरची सफाई त्या मानाने सोपी. विंडोजमधल्या टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद करावेत. सुरुवातीचा बराचसा वेळ तेच खातात. डिस्क काठोकाठ भरू देऊ नये. फिरत्या हार्ड डिस्कवर फायलींचे तुकडे विखुरतात, ते एकत्र आणणाऱ्या डीफ्रॅगमेंटचा तिला फायदा होतो, एस.एस.डी.ला (चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) तो होत नाही, उलट लिहिण्याची फुकट झीज होते. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) साफ करून वेग वाढवण्याचा दावा करणाऱ्या प्रोग्रॅमपासून लांब राहावे. विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्टच त्यांच्या वापराला पाठिंबा देत नाही.

एवढे करूनही यंत्र रेंगाळत असेल तर जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून एस.एस.डी. आणून हार्ड डिस्कच्या जागी बसवणे हा जुन्या संगणकासाठी सर्वांत मोठा फरक पाडणारा खर्च आहे. हार्ड डिस्कचा वाचणारा काटा योग्य जागी पोचायला सुमारे १० मिलिसेकंद घेतो, एस.एस.डी.त फिरणारे काहीच नसते. विंडोज १०चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रांवर काही जण विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालतात.

एक बिघाड मात्र हमखास व्हायरसच्या खात्यावर जातो: दर वेळी यंत्र सुरू केले की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि त्यामुळे बँकेची किंवा इतर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. खरे तर मदरबोर्डवरचा (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा), घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल संपलेला असतो. तो बदलायला पाच मिनिटे लागतात.