फ्रीडम आणि लिबर्टी: मराठीत दोन्ही स्वातंत्र्यच, तरी एक नव्हेत

१७ सप्टेंबरचं, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपलं आणि अकरावीतली एक मुलगी माझ्यापाशी येऊन थांबली. कॉलेजच्या दारावरच्या फ्लेक्सवर 'मराठवाडा फ्रीडम डे' छापलं होतं. आदल्या दिवशी वर्गात मी फळ्यावर 'लिबरेशन डे' लिहिलं होतं. "सर, यातलं बरोबर कोणतं? आणि राज्यशास्त्राच्या पुस्तकात लिबर्टी येतं, ते आणखी वेगळं का?"

लातूरला इंग्रजी शिकवताना हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तासाच्या घाईत त्याला न्याय देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्रीडम हा इंग्रजीचा घरचा शब्द. त्यातला 'फ्री' आणि आपला 'प्रिय' एकाच प्राचीन धातूपासून निघाले, 'फ्रेंड'सुद्धा त्याच घराण्यातला. जी माणसं आपली, कुळातली, जिव्हाळ्याची, ती फ्री. दास त्यात मोडत नसत. लिबर्टी मात्र लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेने आला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे दरबाराची, कोर्टाची भाषा फ्रेंच झाली. आपल्याकडेही असंच झालेलं आहे. घरी आपण 'रान' म्हणतो, तलाठ्याकडे गेलं की तेच रान 'जमीन' होतं, कारण कचेरीची भाषा फारसी-उर्दूतून आली. फ्रीडम हे रान आणि लिबर्टी ही जमीन, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ गोष्टी सुटतात.

लिबर्टीला मराठीत मला सगळ्यात जवळचा शब्द वाटतो तो 'मोकळीक', कधी 'मुभा'. मोकळीक म्हटली की ती नाकारू शकणारं, हिरावून घेऊ शकणारं कुणीतरी समोर असतं: सरकार, मालक, कायदा. 'यू आर अ‍ॅट लिबर्टी टू गो' म्हणजे तुम्हाला जायची मुभा आहे. 'टेकिंग लिबर्टीज' म्हणजे दिलेली मोकळीक ओलांडून नको तितकी सलगी करणं. फ्रीडममध्ये असा देणारा-अडवणारा असलाच पाहिजे असं नाही. ती मोकळं असण्याची अवस्था आहे, आणि ती भुकेपासून, दुखण्यापासून, भीतीपासूनही असू शकते. १९४१ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी चार फ्रीडम सांगितली: बोलण्याचं, उपासनेचं, अभावापासूनचं आणि भीतीपासूनचं. यातल्या शेवटच्या दोन ठिकाणी लिबर्टी घालून पाहा, इंग्रजी कानाला लगेच खटकतं.

पोळ्याचा बैल डोळ्यांसमोर आणा. आदल्या दिवशी त्याचा खांदा मळतात, जू घासून घट्टे पडलेल्या जागी हळद आणि तूप चोळतात. पोळ्याला त्या खांद्यावर जू चढत नाही. त्या दिवसापुरता बैल कामापासून फ्री. पण दावणीचं दावं तसंच असतं, म्हणून तो अ‍ॅट लिबर्टी नाही.

आपल्या राज्यघटनेत दोन्ही शब्द आहेत आणि मराठी अनुवादात दोन्हींचं स्वातंत्र्यच झालं आहे. उद्देशिकेत विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचं स्वातंत्र्य येतं, तिथे मूळ शब्द लिबर्टी. अनुच्छेद १९ मध्ये भाषण-अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याला फ्रीडम म्हटलंय. अनुच्छेद २१ मध्ये व्यक्तिगत स्वातंत्र्याला पुन्हा लिबर्टी: कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीशिवाय ते कुणाचंही काढून घेता येत नाही. अभिव्यक्ती एका जागी लिबर्टी आणि दुसऱ्या जागी फ्रीडम कशी, असं हुशार मुलं विचारतात. खरं उत्तर असं की या दोन शब्दांमध्ये पक्का बांध नाही, खूपशा जागी दोन्ही चालतात. पण अटक झालेल्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर कायद्याच्या भाषेत लिबर्टीच येते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना हैदराबादच्या निजामाने तुरुंगात टाकलं तेव्हा त्यांची लिबर्टी गेली. मनाची फ्रीडम निजामाच्या हातातली नव्हती.

आता आपल्या १७ सप्टेंबरकडे येऊ. इथे आणखी दोन शब्द लागतात, आणि मराठवाड्याच्या माणसाला ते पुस्तकातून शिकायची गरज पडू नये.

डिपेंड म्हणजे मुळात लोंबकळणं. आपल्या 'अवलंबून'मधला 'लंब'ही तोच अर्थ सांगतो. इंडिपेंडन्स म्हणजे दुसऱ्या कुणाला लोंबकळत न राहणं. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढलं की ब्रिटिश गेल्यावर हैदराबाद संस्थान सार्वभौम राहील. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. म्हणजे तेव्हा इंडिपेंडन्स निजामालाच हवं होतं! आणि त्याच राज्यात स्टेट काँग्रेसवर १९३८ साली बंदी आली होती. त्याच साली औरंगाबादच्या विद्यार्थ्यांना वंदे मातरम् म्हटलं म्हणून कॉलेजमधून काढलं होतं. सिंहासनाला इंडिपेंडन्स आणि रयतेला लिबर्टी नाही, असं ते राज्य झालं असतं. हे दोन शब्द एकच मानणाऱ्याला आमच्या आजोबांच्या पिढीची लढाई कळणारच नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला आणि इथे रझाकारांचा, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांचा जाच वाढत गेला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणून या दिवसाला लिबरेशन हा शब्द नेमका बसतो. लिबरेशन ही घडलेली गोष्ट आहे, कुणीतरी बेडी तोडली आणि कुणीतरी सुटलं, हे त्यात येतं. फ्रीडम ही त्यानंतरची अवस्था. मराठीने 'स्वातंत्र्य दिन' न म्हणता 'मुक्तिसंग्राम दिन' म्हटलं, यात मुक्तीही आली आणि ती झगडून मिळाली हेही आलं. कुणी कुणाला मोकळीक दिली नव्हती. 'फ्रीडम डे' म्हणणं चूक नाही, पण त्यात तो झगडा दिसत नाही. 'इंडिपेंडन्स डे' मात्र इथे साफ चूक आहे.

हे सगळं मी तिला व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं. लिबर्टी असून फ्रीडम नसणं म्हणजे काय, एवढं एकच राहिलं होतं. मी म्हटलं, तू एखादं उदाहरण शोधून आण.

ती बीड जिल्ह्यातली, इथे वसतिगृहात राहते. दसऱ्यानंतर तिचे आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब. मुकादमाकडून आधीच उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली. दुसऱ्या दिवशी तिने वहीत इंग्रजीत चार ओळी लिहून आणल्या. काम सोडून घरी यायला कायदा माझ्या आईला अडवत नाही, तिला लिबर्टी आहे. पण उचल फिटत नाही तोवर ती फडातून हलू शकत नाही.

व्याकरणाची एक चूक होती, ती मी दुरुस्त केली. शब्द बदलावा लागला नाही.