व्हेरियर एल्विन यांचे खासगी कागद पाहायचेत? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्या ग्रंथालयात दोन-तीन मुलंमुली हमखास येतात. हातात विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, आधारची झेरॉक्स आणि कुठून तरी परत आलेला अर्ज. विषय चांगला असतो, मेहनतीची तयारी असते. अडतं ते पत्रातल्या एका ओळीवर: ‘सदर विद्यार्थ्यास संशोधनकामी सहकार्य करावे ही विनंती.’ कोणता संग्रह, कोणत्या वर्षांचे कागद, कशासाठी, काहीच नाही. समोरच्या माणसाने काय काढून द्यायचं?

पत्र लिहून घेण्याआधी कागद कुठे आहेत हे नीट समजून घ्या. आदिवासी जीवनाचे अभ्यासक म्हणून ओळखले जाणारे इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ एल्विन १९२७ साली ख्रिस्त सेवा संघ या मिशनरी संस्थेबरोबर पुण्यात आले. १९३२ मध्ये आपले सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी जाऊन राहिले. बैगा आदिवासींवरचं त्यांचं पुस्तक १९३९ चं, मुरिया आदिवासींच्या घोटुलवरचं, म्हणजे तरुण मुलामुलींच्या सामूहिक निवासावरचं, १९४७ चं. १९५४ मध्ये भारतीय नागरिकत्व घेतलं आणि ईशान्य सीमा प्रदेशाच्या, म्हणजे तेव्हाच्या नेफाच्या (आजचा अरुणाचल प्रदेश), प्रशासनाचे आदिवासीविषयक सल्लागार म्हणून शिलाँगला गेले. २२ फेब्रुवारी १९६४ ला दिल्लीत वारले. एवढी ठिकाणं बदललेल्या माणसाचे कागद एका कपाटात सापडणार नाहीत.

त्यांचा मुख्य खासगी संग्रह दिल्लीत तीन मूर्ती भवनाच्या आवारातल्या ग्रंथालयात, हस्तलिखित विभागात आहे. जुन्या पुस्तकांच्या तळटीपांत ‘नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालय’ किंवा ‘एनएमएमएल’ असं दिसतं. २०२३ पासून त्याचं नाव ‘प्रधानमंत्री संग्रहालय आणि ग्रंथालय’ आहे. जागा तीच, पण पत्रावर नवीन नाव घाला.

आता बहुतेकांची होणारी चूक. पत्र ज्याला पाठवलं त्याच्याकडे ते राहतं. त्यामुळे एल्विन यांनी लिहिलेली कितीतरी पत्रं दुसऱ्यांच्या संग्रहांत आहेत. बिहारात आयसीएस अधिकारी असलेले डब्ल्यू. जी. आर्चर हे त्यांचे जवळचे स्नेही. त्यांना लिहिलेली पत्रं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, आर्चर यांच्या कागदांत आहेत. संग्रह क्रमांक ‘एमएसएस युर एफ २३६’ (Mss Eur F236). सूचीत नुसतं ‘एल्विन’ शोधून ‘काही मिळत नाही’ म्हणू नका. त्यांचे मित्र, संपादक, मिशनमधले सहकारी कोण होते याची यादी करा आणि त्या नावांनी शोधा. ब्रिटिश लायब्ररीचा वाचक पास मोफत असतो, पण ओळखीचा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. वसतिगृहात राहणाऱ्यांनी पत्त्याचं आधीच पाहावं.

नेफाचे सल्लागार म्हणून एल्विन यांनी लिहिलेल्या टिपणी हे सरकारी अभिलेख आहेत. त्यांच्यासाठी राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जावं लागतं. इथे ‘२५ वर्षां’चा घोळ होतो. सार्वजनिक अभिलेख कायदा, १९९३ प्रमाणे २५ वर्षांहून जुने अभिलेख संशोधकांना पाहायला मिळतात, हे खरं. पण ते अभिलेखागाराकडे सोपवलेले असायला हवेत आणि गोपनीय वर्गातले नसावेत. सीमाभागाच्या फाइलींबाबत ही दुसरी अट विसरू नका. आणि हा नियम सरकारी अभिलेखांचा आहे. खासगी संग्रह देणाऱ्याने घातलेल्या अटींवर उघडतात किंवा बंद राहतात. ‘साठ वर्षांपूर्वीचे कागद आहेत, आमचा हक्क आहे’ असं अर्जात लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. नका लिहू. त्यापेक्षा ‘या संग्रहातल्या कोणत्या फाइलींवर निर्बंध आहेत ते कळवावे’ असं लिहा.

पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत करून घ्या. त्यात संग्रहाचं नाव, वर्षं आणि हेतू येऊ द्या. उदाहरणार्थ, १९३२ ते १९४६ या काळातला मंडला भागातल्या कामाचा पत्रव्यवहार, पीएच.डी.च्या दुसऱ्या प्रकरणासाठी. संस्थेचा शिक्का, तारीख, फोटो, ओळखपत्र हे नेहमीचंच. मुलींनो, नाव तपासा. विद्यापीठाच्या नोंदीत माहेरचं आडनाव आणि आधारवर सासरचं, यावरून दारातून परत फिरलेल्या मुली मला माहीत आहेत. पत्रात ओळखपत्रावरचंच नाव घाला, नाहीतर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

कोणत्याही संस्थेत नसलेल्यांची अडचण मोठी. वीस-वीस वर्षं पदरमोड करून आदिवासी भागात फिरलेल्या माणसाला खिडकीवर ‘संस्थेचं पत्र?’ विचारलं जातं, तेव्हा मला राग येतो. हस्तलिखितं जपायची तर वाचणाऱ्याची ओळख पटायला हवी, हे मान्य. पण ओळख लेटरहेडनेच पटते असं कुठे आहे? तरी उपाय सांगते. प्रसिद्ध झालेल्या दोन लेखांच्या प्रती आणि कामाचं एक पानी टिपण जोडा. ओळखीच्या प्राध्यापकाचं किंवा संशोधन मंडळाचं शिफारसपत्र घ्या. हे सगळं आधी ईमेलने पाठवा आणि होकार हातात आल्यावरच तिकीट काढा.

वाचायची परवानगी म्हणजे छापायची परवानगी नव्हे. कागद ग्रंथालयाचा असला तरी पत्रातल्या मजकुराचा हक्क ते लिहिणाऱ्याचा, म्हणजे पुढे त्याच्या वारसांचा. आपल्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये जनतेला खुल्या ग्रंथालयातल्या अप्रकाशित लेखनाला सूट आहे, मात्र लेखक माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला ६० वर्षं उलटून गेलेली हवीत. मोजायचं मृत्यूपासून, पत्राच्या तारखेपासून नाही. एल्विन यांच्या स्वतःच्या अप्रकाशित पत्रांना ही मुदत फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण झाली. त्यांच्याच फाइलीत आर्चर यांचं १९४१ चं पत्र सापडलं तर? आर्चर १९७९ मध्ये वारले, म्हणजे २०३९ पर्यंत थांबा किंवा वारसांची लेखी संमती घ्या. ब्रिटनमध्ये छापणार असाल तर एल्विन यांचं अप्रकाशित लेखनही २०३९ अखेरपर्यंत तिथल्या कायद्याने संरक्षित आहे.

आत पेन्सिल न्या, शाईचं पेन नको. त्या काळातल्या टंकलिखित पत्रांच्या कार्बन प्रती कांद्याच्या सालीसारख्या पातळ असतात. मागच्या पानाची अक्षरं पुढच्या पानावर उमटलेली दिसतात. पान दोन्ही हातांनी उलटा, गंजलेली टाचणी स्वतः काढू नका, तिथल्या माणसाला सांगा. आणि प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर संग्रह, फाइल क्रमांक आणि पत्राची तारीख आधी लिहा. आमची एक विद्यार्थिनी एका अभिलेखागारात आठ दिवस बसून वहीभर उतारे घेऊन आली. फाइल क्रमांक एकाही उताऱ्यावर नव्हता. मार्गदर्शकांनी वही परत दिली आणि तिला पुन्हा तिकीट काढावं लागलं.