सव्वातीन सेकंदांत चोरलेला बेस

लातूर आणि नांदेडची चुरस मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही, आयुक्तालय कुठं व्हावं इथपासून नीटच्या निकालात कुणाची पोरं पुढं इथपर्यंत ती चालूच असते. अमेरिकेत बेसबॉलमध्ये बोस्टनची रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कची यँकीज यांचं तसंच, शंभरेक वर्षांपासून.

१७ ऑक्टोबर २००४, बोस्टनचं फेनवे पार्क. सात मॅचच्या सिरीजमध्ये यँकीज ३-० ने पुढं, आदल्या रात्री तर त्यांनी १९-८ असं धुतलेलं. चौथ्या मॅचमध्येही नवव्या म्हणजे शेवटच्या इनिंगला यँकीज ४-३ ने पुढं आणि बॉल यँकीजचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, मारियानो रिव्हेराच्या हातात. बोस्टनचा एक खेळाडू फर्स्ट बेसवर पोचला (बेस म्हणजे ठाणं, फर्स्ट, सेकंड, थर्ड करत परत होमला आलं की एक रन), त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्सला आणलं. सगळ्या स्टेडियमला माहीत होतं की हा सेकंड बेस चोरणार, म्हणजे फटका बसायची वाट न बघता पळून सेकंड गाठणार, हे यँकीजलाही, म्हणून रिव्हेरानं तीनदा बॉल फर्स्टकडं फेकून त्याला मागं रेटलं. तरी पुढच्या पिचला तो पळालाच.

इथं खरं भौतिकशास्त्र सुरू होतं. दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४ मीटर. रनर आधीच साडेतीन-चार मीटर पुढं सरकून उभा असतो, म्हणजे राहिले साडेतेवीस. आता दुसऱ्या बाजूचं घड्याळ बघा. पिचरनं हालचाल सुरू केल्यापासून बॉल कॅचरच्या, म्हणजे बॅट्समनच्या मागं बसून बॉल झेलणाऱ्याच्या, ग्लोव्हमध्ये जायला साधारण १.३ सेकंद, त्यात बॉल हवेत असतो तो जेमतेम ०.४ सेकंद. मग कॅचरनं बॉल काढून उभं राहून फेकायचा आणि तो सेकंडला पोचायचा, याला साधारण २ सेकंद. झाले ३.३, त्यात टॅग करायला, म्हणजे हातातला बॉल रनरला टेकवायला, अजून थोडा वेळ. रनरला पिचरचा पाय हललेला दिसून शरीर हलायलाच ०.२ सेकंद जातात, म्हणजे हातात राहतात तीनच्या आसपास सेकंद, तेही शून्यापासून वेग घेत. शेवटी तो ताशी २८-२९ किमीनं पळत असतो, म्हणजे सेकंदाला ८ मीटर, त्यामुळं निघायला ०.०५ सेकंद उशीर झाला की ४० सेंटीमीटरचा फरक! आऊट आणि सेफ यांच्यात बहुतेक वेळा तेवढंही अंतर नसतं.

कॅचरचा थ्रो मला सगळ्यात आवडतो. होम ते सेकंड ३८.८ मीटर, बॉल सव्वाएक सेकंद हवेत. एवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण बॉलला सरळ रेषेपासून साडेसात मीटरच्या आसपास खाली ओढतं, म्हणून सेकंडच्या दिशेनं आडवा फेकला तर तो मध्येच जमिनीवर आपटेल. कॅचर तो थोडा वर फेकतो आणि बोटांनी उलटी फिरकी देतो. बॉलवरचे १०८ दुहेरी टाके हवेला पकडतात, फिरकीमुळं मागची हवा खाली ढकलली जाते आणि बॉलला वर आधार मिळतो, यालाच मॅग्नस परिणाम म्हणतात. वाटेत पिचर उभा असतो, तो खाली वाकतो ते उगाच नाही.

रॉबर्ट्सनं हात पुढं करून डाइव्ह मारली, सेकंडवर बॉल घेणाऱ्या यँकीजच्या डेरेक जेटरचा टॅग किंचित उशिरा, सेफ. पुढच्या फटक्यावर तो होमला आला, ४-४. बरोबरीमुळं मॅच लांबली आणि बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझच्या होमरननं, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यानं, बोस्टन ६-४ जिंकलं, मग पुढच्या तिन्ही मॅच आणि १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढतही.

आपल्या शालेय स्पर्धांत सॉफ्टबॉल खेळतात तिथं गणित वेगळं. बेस ६० फुटांवर आणि पिचरच्या हातातून बॉल सुटेपर्यंत रनरनं बेस सोडायचाच नाही, म्हणजे पिचरच्या हालचालीचा वेळ रनरला मिळतच नाही, सगळी शर्यत कॅचरच्या हाताशी. तालुक्याच्या ग्राउंडवर मॅच असेल तर मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशननं शूट करा, बॉल ग्लोव्हला लागल्यापासून सेकंडला पोचेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि २४० नं भागा. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेमच्या मधेच जोरात पळणारा रनर वीत-दीड वीत पुढं गेलेला असतो, त्यामुळं त्यावरून आऊट-सेफचा वाद घालू नका.